दोन विजांचे इंजिन आणि न थांबणारे शहर



या व्याख्यानमालेच्या चालकांनी विषयाची निवड माझ्यावर सोपविली होती. मी विषय कळविला तेव्हा, संतवाङ्मय, नागपूरकर भोसल्यांचा इतिहास किंवा फार तर सहकारी चळवळ अशा विषयांना सरावलेल्या या व्यासपीठावर रेल्वेच्या इंजिनाने काय म्हणून यावे, असा एक सौजन्यपूर्ण प्रश्न त्यांच्या उत्तरात डोकावून गेला. त्या प्रश्नाला माझे म्हणणे इतकेच की, ज्या बालाघाटच्या तीन-चार पिढ्यांनी गोंदियाला गाडी बदलण्यात आयुष्यातले कित्येक तास घालविले, त्या गावाला हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी बंगाल-नागपूर रेल्वेने अडीच फूट रुंदीचा सातपुडा मार्ग गोंदियापासून बालाघाट, नैनपूर करीत जबलपूरपर्यंत नेला. आणि तेव्हापासून नागपूर-मुंबईकडे निघालेल्या येथल्या माणसाने छोट्या गाडीने गोंदिया गाठावे, ट्रंका-वळकट्या उतरवाव्यात, मुलांची मोजदाद करावी आणि मोठ्या गाडीच्या फलाटावर जाऊन तिची वाट पाहावी, असा परिपाठच पडून गेला. मालाचीही तीच गत. एका डब्यातून उपसून दुसऱ्यात भरल्यावाचून तो पुढे सरकत नसे. दोन निरनिराळ्या व्यवस्था जेथे एकमेकींना भेटतात, तेथे त्या भेटीचा खर्च कोणाला तरी सोसावा लागतो. गोंदियाला तो प्रवाशाने आणि हमालाने सोसला. मुंबईच्या वेशीवर मात्र तोच खर्च एका यंत्राच्या माथी मारण्यात आला, आणि त्या यंत्राची हकीकत मी आज आपणांस सांगणार आहे.

ही हकीकत ३ फेब्रुवारी १९२५ पासून सुरू होते. त्या दिवशी मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या हार्बर मार्गावर हिंदुस्थानातली पहिली विजेची गाडी सोडण्यात आली. वीज होती १५०० व्होल्टची, एकाच दिशेने वाहणारी, म्हणजे ज्याला रेल्वेतले लोक नुसते ‘डी.सी.’ म्हणतात तो दिष्ट प्रवाह. त्या काळच्या शास्त्राचा विचार करता ही निवड अगदी शहाणपणाची होती, कारण गाडी ओढणारी मोटर दिष्ट प्रवाहावर उत्तम चाले, आणि धावत्या इंजिनात प्रत्यावर्ती, म्हणजे दिशा बदलत राहणाऱ्या, प्रवाहाचे दिष्ट प्रवाहात रूपांतर करून घेण्याचे भरवशाचे साधन तेव्हा कोणापाशी नव्हते. तीन वर्षांत बी.बी.सी.आय. रेल्वेनेही कुलाबा ते बोरिवली हाच मार्ग धरला. १९३० पर्यंत जी.आय.पी. रेल्वेच्या तारा थळघाट चढून इगतपुरीला आणि बोरघाट चढून पुण्याला पोहोचल्या. आणि त्याच वर्षीच्या १ जूनला दख्खनची राणी त्या तारांखालून धावू लागली.

पुढे काळ पालटला. फ्रान्सने दुसऱ्या महायुद्धानंतर, साध्या औद्योगिक वारंवारतेची उच्च दाबाची प्रत्यावर्ती वीज थेट तारेत सोडून तिचे रूपांतर इंजिनाच्या पोटातच करण्याची पद्धत सिद्ध करून दाखविली, आणि १९५७ साली भारतीय रेल्वेने त्या फ्रेंच रेल्वेच्याच सल्ल्याने २५,००० व्होल्टची ही पद्धत यापुढील सर्व कामांसाठी मुक्रर केली. कलकत्त्याने त्याच वर्षी ३००० व्होल्टच्या दिष्ट प्रवाहावर आपली उपनगरी गाडी सुरू केली होती. परंतु ती पद्धत तेथे पुरती रुजण्याआधीच, साठीच्या दशकात, बदलण्यात आली. मद्रासचा ताम्बरमकडे जाणारा जुना छोटेखानी विद्युतमार्गही त्याच दशकात बदलला. राहिली ती मुंबई. मुंबईची व्यवस्था सगळ्यांत जुनी, म्हणून ती सगळ्यांत आधी बदलायला हवी होती असे कोणी म्हणेल. पण ती सगळ्यांत गजबजलेलीही होती, आणि जेथे पहाटे चारपासून मध्यरात्र उलटून जाईपर्यंत मिनिटामिनिटाला गाडी जाते, तेथे तारा उतरवून नव्या चढवायच्या कधी, हा प्रश्न पुढची चाळीसपन्नास वर्षे कोणत्याही दप्तरात सुटला नाही.

परिणाम असा झाला की, मुंबईभोवती विजेची एक सरहद्द आखली गेली. उत्तरेला ती विरारला होती, ईशान्येला इगतपुरीला, आग्नेयेला पुण्याला. सरहद्दीच्या आत जुनी वीज, आणि विरार-इगतपुरीच्या बाहेर नवी. या सरहद्दीला नकाशावर रंग नव्हता, पण तिचा अंमल माणसांच्या आयुष्यावर चाले. विरारच्या पलीकडे सफाळे, पालघर, बोईसर, डहाणू येथली हजारो माणसे रोज मुंबईला कामाला येत असूनही मुंबईची लोकल विरारपलीकडे जात नव्हती, आणि त्याचे एक मोठे कारण हेच की, लोकलला विरारपुढची वीज पचत नव्हती. पश्चिम रेल्वेवरचे परिवर्तन पुरे झाल्यानंतर, १६ एप्रिल २०१३ रोजी डहाणूपर्यंत लोकल सुरू झाली. शहराची हद्द महानगरपालिका ठरविते असे आपण समजतो. डहाणूच्या बाबतीत ती विजेच्या तारेने ठरविली होती.

आता इगतपुरीचा विचार करा. नागपूर-भुसावळकडून येणारी गाडी नव्या विजेच्या इंजिनाने इगतपुरीत येई. तेथे ते इंजिन सोडायचे, यार्डात न्यायचे, जुन्या विजेचे इंजिन आणून जोडायचे, ब्रेकची तपासणी करायची (पुढे ३७ फुटांस एक फूट असा थळघाटाचा उतार असल्यामुळे या तपासणीत दिरंगाई परवडते, हयगय परवडत नाही), आणि मग गाडी कसाऱ्याकडे सोडायची. लांबच्या प्रवाशाला हा खोळंबा म्हणजे वडा खाण्याची सवड. बालाघाटहून गोंदिया आणि गोंदियाहून मुंबई असा प्रवास केलेली जी वडीलधारी मंडळी येथे बसली आहेत, त्यांना इगतपुरीचा तो मुक्काम आठवत असेल. परंतु १९७५ साली सुरू झालेल्या पंचवटी एक्सप्रेसने नाशिकहून रोज मुंबईस जाऊन रोज परतणाऱ्या पासधारकाचे गणित निराळे होते. नाशिकरोड ते मुंबई १८८ किलोमीटर. सकाळी कचेरीत हजेरी, संध्याकाळी परत. त्याच्या हिशेबात इगतपुरीची पंधरावीस मिनिटे जाताना आणि तितकीच येताना, म्हणजे वर्षाकाठी कित्येक दिवस होत. आणि रेल्वेच्या हिशेबात, प्रत्येक गाडीमागे एक इंजिन इकडे ताटकळत, एक तिकडे, त्यांचे ड्रायव्हर वेगळे, त्यांना उभे करायला यार्डातले रूळ वेगळे.

या दुखण्यावर काढलेला उपाय म्हणजे दोन्ही विजांवर चालणारे इंजिन. पश्चिम रेल्वेसाठी चित्तरंजनच्या कारखान्याने सत्तरीच्या दशकात अशी ५३ इंजिने बांधली. त्यांना ‘डब्ल्यूसीएएम-१’ असे नाव होते. छोट्या गाडीच्या ‘झेडडीएम’ इंजिनांवरची अक्षरे ज्यांनी वाचली आहेत त्यांना ही लिपी कठीण नाही: पहिले अक्षर रुंद मार्गाचे, दुसरे दिष्ट प्रवाहाचे, तिसरे प्रत्यावर्ती प्रवाहाचे, चौथे सर्व प्रकारच्या गाड्यांना चालेल असे सांगणारे. पुढे नव्वदीच्या दशकात भारत हेवी इलेक्ट्रिकल्सने पश्चिम रेल्वेला याच जातीची २० सुधारलेली इंजिने दिली आणि मध्य रेल्वेला ‘डब्ल्यूसीएएम-३’ या नावाची ५३. पश्चिमेकडे अहमदाबाद-बडोद्याच्या गाड्या, सुरतेच्या नोकरदारांची फ्लाइंग राणी, आणि मध्य रेल्वेवर नाशिकच्या व पुण्याच्या गाड्या या इंजिनांनी ओढल्या.

यंत्राच्या आत काय घडते ते थोडे विस्ताराने सांगतो. नव्या विजेखाली चालताना प्रवाह छतावरच्या पेंटोग्राफमधून प्रथम एका अवजड ट्रान्सफॉर्मरमध्ये उतरतो. तेथे त्याचा दाब कमी होतो, मग रेक्टिफायर त्याला दिष्ट करतो, आणि मग तो मोटरींना मिळतो. जुन्या विजेखाली चालताना ट्रान्सफॉर्मरची गरजच नसते. प्रवाह रोधकांच्या रांगेतून थेट मोटरींकडे जातो, आणि ड्रायव्हर एकेक पायरीने रोधक काढीत, मोटरींची जोडणी बदलीत वेग वाढवितो. म्हणजे मुंबईच्या हद्दीत शिरल्यावर ते ट्रान्सफॉर्मरचे धूड नुसते ओझे म्हणून वाहायचे, आणि मुंबईच्या हद्दीबाहेर तेच रोधक बिनकामाचे. पण खरा भेद प्रवाहाच्या मात्रेत आहे. डब्ल्यूसीएएम-३ची शक्ती नव्या विजेवर ५००० अश्वशक्ती आणि जुन्या विजेवर ४६००. ढोबळ हिशेब केला तर पहिल्या वेळी तारेतून दीडशेच्या आसपास अँपिअर घ्यावे लागतात, आणि दुसऱ्या वेळी, शक्ती कमी असूनही, बावीसशेहून अधिक. एवढा प्रवाह वाहून न्यायला तार जाड हवी आणि सबस्टेशने थोड्या थोड्या अंतरावर हवीत. तारेला टेकणारी पट्टीही भक्कम हवी. म्हणून अशा इंजिनाच्या डोक्यावर दोन विजांसाठी दोन निरनिराळे पेंटोग्राफ असत, आणि सरहद्द ओलांडताना एक मिटून दुसरा उघडावा लागे.

ही सरहद्द कशी ओलांडीत असत? दोन विजांच्या मध्ये तारेचा एक निर्जीव तुकडा असे, ज्याला न्यूट्रल सेक्शन म्हणतात. त्याच्या आधी रुळाच्या कडेला पाट्या लावलेल्या असत. पाटी दिसताच ड्रायव्हरने शक्ती बंद करायची, मुख्य ब्रेकर उघडायचा, गाडी तिच्या वेगावर तशीच वाहू द्यायची, तेवढ्यात यंत्राची मांडणी बदलायची, आणि पलीकडची वीज योग्य तीच आहे याची मापकावर खातरजमा करून ब्रेकर पुन्हा जोडायचा. विरारला हे काम धावत्या गाडीत होत असे. यात चूक झाली तर? प्रत्यावर्ती विजेच्या मांडणीत असलेला ट्रान्सफॉर्मर दिष्ट प्रवाहाला जवळजवळ अटकावच करीत नाही. त्याच्या दृष्टीने ते शॉर्टसर्किट. उलट बाजूने, पंधराशे व्होल्टसाठी बांधलेल्या साहित्यावर पंचवीस हजार व्होल्ट पडले तर काय उरेल हे सांगायला अभियंता नको. म्हणून यंत्रात संरक्षणाचे रिले बसविलेले असत. तरीही रोज, दिवसा-रात्री, पावसात, ती पाटी ओळखणारा डोळा माणसाचाच होता, आणि या इंजिनांचे जे काही श्रेय आहे त्यातला मोठा हिस्सा मी वसई-विरारच्या त्या अनामिक ड्रायव्हरांना देतो.

या इंजिनांची स्तुती मी हातचे राखून करतो. पहिली पिढी जुन्या विजेखाली दुबळी होती: नव्या विजेवर ३६४० अश्वशक्तीचे इंजिन मुंबईच्या हद्दीत शिरले की २९३० चे होई. म्हणजे जेथे मागेपुढे लोकल लागलेल्या, जेथे चपळाईने वेग घेऊन वाट मोकळी करून द्यायची, नेमके तेथेच त्याचे बळ घटे. दोन धन्यांची चाकरी करणारा नोकर कोणाचेच काम मन लावून करीत नाही, अशी टीका तेव्हा कोणी केली असती तर मला तिचा प्रतिवाद करता आला नसता. तडजोडीचे यंत्र तडजोडीइतकेच चांगले असते. परंतु पर्याय काय होता? पर्याय होता इंजिन बदलण्याचा. आणि बोरीबंदरच्या, म्हणजे व्हिक्टोरिया टर्मिनसच्या, स्थानकाकडे पाहिले म्हणजे तो पर्याय किती महाग होता हे ध्यानात येते.

बोरीबंदरला गाडी बफरपाशी संपते. अठरा फलाट, त्यांतले पहिले सात लोकलचे. उरलेल्या अकरांवर लांबच्या गाड्या. गाडी आत येते तेव्हा तिचे इंजिन बफर आणि डबे यांच्यामध्ये कोंडले जाते, आणि मागून दुसऱ्या इंजिनाने डबे ओढून नेल्याखेरीज त्याची सुटका नाही. ही ओढाताण ज्या रुळांवरून व्हायची त्याच गळ्यातून इतर गाड्यांचीही ये-जा. अशा ठिकाणी इंजिनांची एक जरी फेरी वाचली तरी ती चार गाड्यांना वाट देते. इगतपुरीहून आलेले इंजिन त्याच दिवशी दुसरी गाडी घेऊन थेट मनमाडकडे जाऊ शके, त्याला जुन्या विजेची वेस अडवीत नसे, ही गोष्ट स्थानकावरच्या नियंत्रकाच्या दृष्टीने अश्वशक्तीपेक्षा मोलाची. पण इंजिनाने स्थानकाचा गळा रुंद होत नाही, हेही तितकेच खरे.

या शेवटच्या वाक्याला अमेरिकेत चांगला दाखला आहे. न्यूयॉर्कच्या पार्क अव्हेन्यूखालच्या बोगद्यात ८ जानेवारी १९०२ रोजी धुराने आणि वाफेने सिग्नल दिसेनासा होऊन एक गाडी दुसरीवर आदळली, पंधरा माणसे दगावली, आणि त्यातून झालेल्या कायद्याने १९०८ पासून वाफेच्या इंजिनाला मॅनहॅटनमध्ये मज्जाव झाला. म्हणून पुढे तेथे डिझेलवर आणि तिसऱ्या रुळाच्या विजेवर, दोहोंवर चालणारी इंजिने आली. पन्नाशीच्या दशकाअखेर बांधलेली एफएल-९ ही त्यांतली नामांकित, संख्येने ६०. अलीकडे न्यू जर्सीच्या रेल्वेने एएलपी-४५डीपी नावाची तशीच इंजिने घेतली, जी आपल्या पोटात दोन डिझेल इंजिने आणि ट्रान्सफॉर्मर अशी दोन्ही बिऱ्हाडे वागवितात. हडसन नदीखालच्या बोगद्यातून पेन स्टेशनला जाताना डिझेल विझवायचे, तारेवर चालायचे. रॅरिटन व्हॅली मार्गावरच्या प्रवाशांना, ज्यांत आपल्याकडून गेलेली मराठी कुटुंबेही आहेत, न्यूअर्कला गाडी बदलण्याचा जाच होता. २०१४ साली या इंजिनांमुळे थेट गाडी सुरू झाली, पण सुरू झाली ती गर्दीबाहेरच्या वेळेत. कारण कचेरीच्या वेळी १९१० सालच्या त्या दोन रुळांच्या बोगद्यात आणखी एका गाडीला जागाच नव्हती. यंत्र तयार, तारा तयार, प्रवासी तयार, आणि वाट नाही.

मुंबईकडे परत येऊ. दुहेरी इंजिनांनी आणि त्यांच्या मागोमाग, २००७ पासून मुंबई रेल्वे विकास महामंडळाच्या प्रकल्पातून आलेल्या दुहेरी विजेच्या लोकलनी एक फार मोठी गोष्ट साधली, आणि ती त्यांच्या बांधणाऱ्यांच्याही मनात आरंभी कितपत होती याची मला शंका आहे. गाड्या दोन्ही विजांवर चालू लागल्यामुळे तारांतली वीज तुकड्यातुकड्याने बदलता आली! रात्री अखेरची लोकल गेली की ब्लॉक घ्यायचा, एका टप्प्यातली वीज बदलायची, आणि पहाटेची गाडी त्याच रुळांवरून सोडायची. प्रवाशाला कळायचेसुद्धा नाही. पश्चिम रेल्वेचे काम फेब्रुवारी २०१२ मध्ये संपले, मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गाचा शेवटचा टप्पा जून २०१५ मध्ये, आणि हार्बर मार्गावर एप्रिल २०१६ मध्ये, म्हणजे १९२५ सालच्या त्या पहिल्या गाडीच्याच वाटेवर, एक्याण्णव वर्षांनंतर दिष्ट प्रवाहाने निरोप घेतला. अडचणी आल्या नाहीत असे नव्हे. पंचवीस हजार व्होल्टच्या तारेभोवती अधिक मोकळी जागा लागते, आणि मुंबईचे जुने पूल ठेंगणे. सँडहर्स्ट रोडजवळच्या हँकॉक पुलाखालून गाड्या मंदगतीने न्याव्या लागत, तो पूल अखेर जानेवारी २०१६ मध्ये पाडावा लागला. पण रोज सत्तरपंच्याहत्तर लाख माणसे वाहणारी यंत्रणा, तिच्या नाड्यांतले रक्तच बदलले जात असताना, नेहमीसारखी चालत राहिली. ज्या इंजिनांमुळे हे साधले, त्यांचे अर्धे अंग त्या कामाच्या यशानेच निरुपयोगी करून टाकले.

आणि आता, श्रोतेहो, मला बालाघाटकडे वळायचे आहे.

मुंबईच्या मुख्य मार्गावरची वीज २०१५ च्या जूनमध्ये बदलली. त्याच वर्षीच्या शरदात जबलपूर-नैनपूर-बालाघाट ही आपली छोटी गाडी मार्ग रुंद करण्यासाठी बंद झाली. रुंद मार्गाची मागणी आपलीच होती, रास्त होती, आणि ती पुरी झाली याचा मला आनंदच आहे. गोंदिया ते बालाघाट हा तुकडा तर त्याच्या दहा वर्षे आधीच रुंद झाला होता. परंतु बालाघाटहून जबलपूरपर्यंत सलग मोठी गाडी धावायला सुमारे पाच वर्षे लागली, आणि तेवढा काळ लामटा-नैनपूरकडच्या माणसाने बसने जावे, जीपला लोंबकळत जावे किंवा घरी बसावे, अशी व्यवस्था होती. म्हणजे व्यवस्था नव्हती. मुंबईत एक दिवसही गाडी बंद ठेवणे कोणाच्या कल्पनेत बसले नाही, म्हणून दोन पिढ्यांची इंजिने केवळ मधल्या काळासाठी बांधली गेली. येथे पाच वर्षे गाडी बंद ठेवणे सहज कल्पनेत बसले.

मी अभियंत्यांना दोष देत नाही. दोन रुंदींच्या रुळांवर चालणारे इंजिन ही दोन विजांच्या इंजिनाइतकी सोपी गोष्ट नाही. अडीच फुटांच्या वाटेवरची वळणे, पूल, भराव सगळेच नव्याने करावे लागते, आणि ते चालत्या गाडीखाली करता येत नाही, हे मी जाणतो. पण मधल्या काळाचा विचार यंत्रानेच करायचा असतो असे थोडेच आहे? तयार झालेला प्रत्येक तुकडा ताबडतोब वाहतुकीस खुला करणे, उरलेल्या तुकड्यासाठी रेल्वेच्याच तिकिटावर मोटारी चालविणे, पासधारकाचे नुकसान मोजणे, यांपैकी कोणत्याही गोष्टीला ट्रान्सफॉर्मर लागत नाही. त्याला लागते ते एवढेच की, मधल्या काळात जगणारी माणसे खर्चाच्या रकान्यात कोणीतरी लिहावीत. मुंबईची माणसे तेथे आपोआप लिहिली गेली, कारण ती नसती लिहिली तर शहर बंद पडले असते. आपण बंद पडलो तर कोणाचे काय अडते, असा हिशेब दप्तरात होतो, आणि तो हिशेब करणारा कारकून दुष्ट असण्याची गरज नसते.

शेजारी जबलपूरला २०२० साली रेल्वेच्या माणसांनी बॅटरीवर आणि तारेवर अशा दोन्ही रीतींनी चालणारे ‘नवदूत’ नावाचे शंटिंगचे इंजिन तयार केले, बिनतारेच्या सायडिंगमध्येही जाणारे. आपल्याच मुलखात अशी बुद्धी आहे, तेव्हा कल्पकतेची उणीव हे कारण कोणी पुढे करू नये.

येत्या वर्षांत या जिल्ह्यात रुळांची, पुलांची, यार्डांची आणखी कामे निघतील, आणि प्रत्येक कामाचा जाहीरनामा स्थानकाच्या फळ्यावर लागेल. तेव्हा काम पुरे केव्हा होणार हा प्रश्न दुसरा विचारा. काम चालू असताना आमच्या जाण्यायेण्याची तजवीज काय, हा पहिला विचारा; आणि उत्तर तोंडी घेऊ नका, लेखी मागा.